उद्घाटनाआधीचं नेट

आमच्या गच्चीवर पांढरा डबा बसला तेव्हा गणपती उठून गेले होते. डबा म्हणजे वायरलेस ब्रॉडबँडचा अँटेना. लोखंडी नळीच्या टोकाला तो अड्याळच्या बाजाराकडे तोंड करून बसवला होता, कारण टॉवर तिकडे होता, ग्रामपंचायतीच्या जागेवर. डब्यातून एक काळी वायर भिंतीवरून उतरून माझ्या खोलीत येत होती आणि टेबलावरच्या लहान पेटीत शिरत होती. पेटीवर चार दिवे. तीन लागलेले, चौथा बंद. नेट सुरू झालं की चौथा लागणार.

त्या चौथ्या दिव्याकडे मी इतकं बघितलं आहे की आजही कुठे तसली पेटी दिसली तर मी तिच्याकडे पाठ करून बसते.

कंपनीची एजन्सी मोठ्या बाबांनी घेतली होती. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचं बाजारात दुकान आहे, गावात वजन आहे आणि आवाजही तसाच आहे. पहिला डबा त्यांनी आमच्याच घरावर लावून घेतला. ‘पुतणी इंग्लिश मीडियमची हाये, तिलेच तर काम पडन,’ असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

शाळा माझी खरंच इंग्रजी माध्यमाची, भंडाऱ्याची. रोज एसटीने जाऊन-येऊन शिकले. त्यामुळे गावात समज असा की ही इंग्रजीत बोलते. मी इंग्रजीत लिहायची. बोलत मी कुठल्याच भाषेत फारशी नव्हते.

पदवीनंतर नागपूरला एका फोनवरच्या नोकरीत लागले होते. कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि उत्तरं द्यायची. समोरचा माणूस चिडला की माझा आवाज घशातच बसायचा. वाक्य तयार असायचं, अगदी व्याकरणासकट, पण बाहेर यायचं नाही. तो ‘हॅलो, हॅलो’ करत राहायचा. मग मागे सुपरवायझर येऊन उभी राहायची. तिच्या अत्तराचा वास आला की मला कळायचं, आता ही ऐकते आहे. एका दुपारी मी हेडफोन टेबलावर ठेवला, बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली, आणि मग ती कडी मला उघडताच येईना. झाडणाऱ्या बाईंनी दाराबाहेर बसून, इकडचं तिकडचं बोलत, मला बाहेर काढलं. संध्याकाळी बाबा न्यायला आले. गावात सांगितलं गेलं की पोरीला नागपूरचं पाणी मानवलं नाही.

त्यानंतर बराच काळ मी घरी होते. बाबांनी भंडाऱ्याच्या एका शाळेत माझ्यासाठी विचारून ठेवलं होतं. वर्गासमोर उभं राहायचं या विचाराने मला ती कडी दिसायची. अशात मला पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात सापडली. काम तक्रारींचंच, पण लिहून. ग्राहक टाइप करणार, आपण टाइप करून उत्तर द्यायचं, आणि तेही घरी बसून. कुणाचा आवाज नाही, मागे कुणी उभं नाही. भंडाऱ्याच्या सायबर कॅफेत बसून मी परीक्षा दिली आणि पास झाले. अट एकच होती. घरी ब्रॉडबँड हवं, आणि दिवाळीच्या महिन्याअखेरपर्यंत त्याच्या वेगाचा फोटो मेलवर पोचला पाहिजे. नाही तर जागा पुढच्या माणसाला. आमच्याकडे मोबाइलवरचं नेट तेव्हा नुसतं गोल फिरणारं चक्र होतं. एक मेल उघडायचा तरी मला भंडाऱ्याची बस पकडावी लागे.

म्हणजे माझं सगळं त्या चौथ्या दिव्यावर येऊन थांबलं होतं.

दिवा एकदा लागलाही. दसऱ्याच्या आसपास नागपूरचा इंजिनिअर तपासणीसाठी आला. ‘मॅडम, देख लो,’ म्हणाला आणि चौथा दिवा हिरवा झाला. मी कॉम्प्युटरवर एक पान उघडलं. उघडलं म्हणजे काय, मी बटण दाबलं तर ते तिथे होतंच. मी घाईघाईने वेग मोजायचं पान टाइप करू लागले. तोवर त्याने फोनवर कुणाला तरी सांगितलं, ‘हाँ, हो गया, बंद कर दो.’

‘चालू है ना?’ मी कसंबसं विचारलं.

‘एकदम रेडी है. अब उद्घाटन के बाद.’

आणखी काही बोलायला मी तोंड उघडेपर्यंत तो शिडी घेऊन गच्चीच्या पायऱ्या उतरला होता.

उद्घाटन एका साहेबांच्या, म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्यांच्या, हातून व्हायचं होतं. मोठ्या बाबांनी त्यांना शब्द दिला होता. टॉवरखाली साहेबांच्या नावाची संगमरवरी पाटीसुद्धा बसली. फक्त साहेबांना वेळ नव्हता. आज मुंबईला, उद्या लग्नात, परवा आजारी. टॉवर नुसता उभा. पिठाच्या चक्कीवर बायकांना तेवढाच विषय मिळाला.

‘काव बाई,’ एकीने आईला विचारलं, ‘तुमचा नवरदेव कवापासून मांडवात उभा हाये. लगन लागते का नाई?’

‘लागन ना. भटजीच नाई भेटून राहिला,’ आई म्हणाली.

‘पाहा बाई, उभ्या उभ्याच म्हातारा होईन!’

सगळ्या हसल्या. आईही हसली. मी पिठाचा डबा उचलून पुढे निघाले, कारण हसताना माझा चेहरा काय करेल याचा मला भरवसा नव्हता.

शेवटी तारीख ठरली, मंडईच्या दिवसाची. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा सोंगं आणि नाचगाण्यांची दंडार, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. एवढी गर्दी आयती जमणार, तर त्याच दिवशी साहेबांनी बटण दाबायचं, असं मोठ्या बाबांनी पक्कं केलं. मंडईनंतर महिनाअखेरीला थोडेच दिवस उरत होते. पण उरत होते.

मी मात्र तोवर थांबायला तयार नव्हते. आपल्या घरापुरतं आधी चालू करता येईल का, एवढं मोठ्या बाबांना विचारायचं होतं. आता आमच्या घरी विचारायची एक पद्धत आहे. बाबा मोठ्या बाबांशी समोरासमोर बसून काही मागत नाहीत. भांडण नाही, उलट मान आहे. थोरल्या भावापुढे मागणं मांडायचं नसतं, एवढंच. काही सांगायचं असलं तर ते आईला सांगतात, आई मोठ्या आईला सांगते, आणि मोठी आई मोठ्या बाबांना जेवायला वाढताना सांगते. उत्तर त्याच वाटेने परत येतं. दोन्ही घरांचं अंगण एकच, तरीही.

मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आईचा चेहरा खुलला होता.

‘मोठे बाबा म्हणतेत, पोरीले म्हणा चिंता नको करू. तिले स्टेजवरच बसवतो. आभार तेच मानन, इंग्रजीत!’

मी ताटावरून उठले.

‘काहून वं? चांगलंच तर हाये,’ आई मागून म्हणत राहिली.

मग मंडईच्या आदल्या दिवशी निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. मांडव अर्धा बांधून झाला होता. दुपारी पंचायतीची माणसं आली आणि साहेबांच्या पाटीवर खळ लावून वर्तमानपत्र चिकटवून गेली. मंडई झाली, दंडार झाली, पाहुणे जेवून गेले. उद्घाटन निकालानंतर, असं मोठ्या बाबांनी जाहीर केलं. निकाल म्हणजे पुढचा महिना.

त्या दिवसांत मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. पेटीचं बटण बंद करायची, चालू करायची. गच्चीवर जाऊन डब्याची धूळ पुसायची, जणू तेवढ्यासाठी अडलं होतं. कॉम्प्युटरवर एकच पान उघडत राहायची, आणि ते ‘उघडता येत नाही’ असं एकाच शांतपणे सांगत राहायचं. एकदा पेटीवर डोकं टेकवून बसले होते. ती कोमट होती. आत वीज होती, समोर टॉवर होता, आणि मधे कुणीतरी नारळ फोडायचं बाकी होतं.

एका सकाळी मी ओढणी घेतली आणि मोठ्या बाबांच्या दुकानात गेले. एकटी मी तिथे कधी गेले नव्हते. आत चार-पाच माणसं बसलेली, निवडणुकीच्या गप्पा चाललेल्या. मला बघून सगळे थांबले.

‘ये बेटा, ये,’ मोठे बाबा म्हणाले. ‘चहा सांगू?’

‘मोठे बाबा, नेट चालू करा.’

‘होईन ना. निकाल लागू दे, मंग पाय कसा कार्यक्रम करतो.’

‘आत्ता करा.’

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, ‘अरे, हे तं बोलते!’ कुणीतरी हसलं. मी टेबलाची कड धरली आणि बोलत गेले. मला नोकरी मिळाली आहे. लिहायची आहे, बोलावं लागत नाही. महिनाअखेरपर्यंत नेट दाखवलं नाही तर दुसऱ्याला देतील. मला फोनवर बोलता येत नाही, मोठे बाबा. मला दुसरं काही जमणार नाही.

मोठ्या बाबांनी चष्मा काढला.

‘नोकरी? तुले?’

मी मान हलवली.

‘मंग मले काहून नाई सांगतलं कोणी? मले तं वाटलं, पोरगी उद्घाटनाचीच वाट पाहून राहिली. तुयाचसाठी तर एवढा मांडव टाकत होतो मी.’

ते उठले. ‘साहेबाचं पाहू मंग. नारळ मीच फोडतो आज,’ म्हणाले आणि भंडाऱ्याच्या ऑफिसला फोन लावला. पहिल्यांदा ते मोठ्याने बोलत होते. मग नुसते ‘हो... हो जी’ म्हणू लागले. फोन ठेवल्यावरही हात त्यावर तसाच राहिला.

‘टॉवरखालचं मशीन काढून नेलं त्याईनं,’ ते म्हणाले. ‘इथलं उद्घाटन लांबलं म्हणून एकोडी गावच्या टॉवरले लावाले नेलं. तिकडं कार्यक्रम ठेवलाच नोहता.’

मी एकोडीला जाऊन बसले तर चालेल का, असं मी विचारलं. तिथे अजून एकाही घरावर डबा लागला नव्हता. मशीन परत येईल का, असंही मोठ्या बाबांनी पुन्हा फोन करून विचारलं. मी समोर उभी असताना त्यांनी कुणाला तरी ‘हात जोडतो साहेब’ म्हटलेलं मी ऐकलं. मशीन निकालानंतरच येणार होतं.

घरी आले तेव्हा आई अंगणात धान्य पाखडत होती.

‘तू मोठ्या आईला माझ्या नोकरीचं सांगितलं नव्हतंस?’

सूप थांबलं.

‘पक्कं व्हाच्या पहिले कसं सांगाचं? नजर लागते,’ ती म्हणाली. ‘नागपूरच्या वक्ती सगळ्याईले पेढे वाटले होते. मंग काय झालं, पाहिलं ना?’

‘मग काय सांगितलंस?’

‘उद्घाटन कधी हाये, पोरगी विचारून राहिली, एवढंच.’

मी तिच्यावर ओरडेन असं मला वाटलं होतं. पण नोकरीचं कुणाला सांगू नको, हे मीही तिला परीक्षेच्या दिवशी बजावलं होतं. तिने ते पाळलं होतं, तिच्या परीने.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी भंडाऱ्याला गेलो. मी कॅफेत बसले, आई बाहेर बाकावर. मी मुदत वाढवून मागणारा मेल लिहिला. आचारसंहिता, मशीन, सगळं. मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं इंग्रजी असेल. वाचताना मलाच ते खोटं वाटत होतं. उत्तर दुपारी आलं, सभ्य आणि छोटं. जागा भरली गेली होती. माझं इंग्रजी मात्र त्यांना आवडलं होतं, आणि नागपूरला त्यांच्या फोन विभागात जागा होती. इच्छा असल्यास सोमवारी हजर व्हावं.

‘मॅडम, टाइम वाढवू का?’ कॅफेवाल्याने पडदा बाजूला करून विचारलं.

‘नको,’ मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये आईने मला खिडकीजवळ बसवलं. बाहेर बांध्यांमध्ये कापलेलं धान पडलं होतं, माणसं भारे बांधत होती. बरंच पुढे आल्यावर तिने विचारलं, ‘काय म्हणतेत?’

‘नाही म्हणाले.’

तिने पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मग माझ्या कानाशी वाकून, पुढच्या सीटवरच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, ‘तुया बाबाले आत्ताच नको सांगू. मी सांगीन, बेताबेतानं.’

मी मान हलवली. फोनच्या नोकरीचं मी तिलाही सांगितलं नाही. आईने दोन्ही तिकिटं मुठीत घट्ट धरून ठेवली होती, कुणी मागत नसताना.