तात्यांचा पालथा ग्लास

तात्या पाणी प्यायले की ग्लास पालथा घालून ठेवायचे. स्वतःचा तर घालायचेच, समोरच्याचाही घालायचे. माझ्या लग्नात सासऱ्यांनी तिसऱ्यांदा कोकम सरबत मागितलं, तेव्हा तात्यांनी त्यांच्या हातातला ग्लास काढून टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाले, "बस झालं." सासरे अजूनही जेवताना हा विषय काढतात, आणि मी मान खाली घालून आमटी ओरपतो.

तात्या माझे सख्खे काका. अंधेरी पूर्वेला नाक्यावर एक पर्मिट रूम होती, तिथे ते एकतीस वर्षं वेटर होते. आता तिथे चपलांचं शोरूम आहे. तात्यांच्या टेबलांना तात्यांचा कायदा होता: तिसरा पेग संपला की ग्लास पालथा. मग गिऱ्हाईक साहेब असो की हमाल, चौथा मिळायचा नाही. मालकाने कधी अडवलं नाही, कारण तात्यांच्या टेबलांवर बाटल्या फुटत नसत. "पिणारे दोनच प्रकारचे," तात्या म्हणायचे. "एक भाषण देणारा, दुसरा रडणारा. तिसऱ्यानंतर दोघं मिळून माझ्या शर्टाला नाक पुसतात."

अशा माणसाकडे मी आठवणी गोळा करायला गेलो, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा. पन्नाशीनंतर पुरुषाला एक तर गुडघेदुखी होते, नाही तर तो स्थानिक इतिहासकार होतो. मला दोन्ही झालं. फेसबुकवर मी 'अंधेरीचे हरवलेले बार' नावाची लेखमाला चालवत होतो. सहा भाग झाले होते. मी स्वतः अर्ध्या बियरला झोपतो, पण लिहिताना पिवळा दिवा, उकडलेले चणे, वेटरची आपुलकी, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. कॅनडातून लोक रडणारे चेहरे पाठवत होते.

सातव्या भागासाठी एका रविवारी दुपारी बोरिवलीला गेलो. तात्या तिथे मुलीकडे, सुनंदाकडे राहायचे. तिने चहा ठेवला आणि मी सहावा भाग मोठ्याने वाचून दाखवला.

"आपुलकी?" तात्या म्हणाले. "कोणाची रे?"

"तुमच्यासारख्यांची."

"मेल्या, तुका काय कळता? मोरीचा वास लिहिलास? फिनेल आणि ओकारी, एकतीस वर्षं नाकात बसलाय. चणे ज्या बादलीत भिजायचे, त्यात सकाळी काय भिजायचं ते लिहिलंस? दारात कडेवर पोर घेऊन उभी राहायची ती बाई लिही की. नवऱ्याला बोलावून दे म्हणायची. आत यायला लाजायची."

"लोकांना तसलं वाचायचं नसतं, तात्या."

"मग चपलांवर लिही. बार गेला, चपला आल्या, बरं झालं. चपला घालून माणूस घरी तरी जातो."

सुनंदा स्वयंपाकघरातून हसली. मला हसू येईना. सहा भागांचा तो सगळा खटाटोप खरं तर एका प्रश्नापाशी पोचण्यासाठी होता, आणि तो माझ्या आईचा होता. माझे वडील तात्यांचे थोरले भाऊ. ते त्याच पर्मिट रूममध्ये बसायचे. एके दिवशी तात्यांनी चार लोकांत त्यांचा ग्लास पालथा घातला. वडील उठले आणि पुन्हा भावाशी बोलले नाहीत. दोन वर्षांनी लिव्हरने गेले. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, धाकट्याने थोरल्याची लाज काढली. ती असेपर्यंत आमचं तात्यांकडे येणं-जाणं लग्नकार्यापुरतंच राहिलं.

मी विचारलं. आवाज थोडा चढलाच. "माझ्या वडिलांचा ग्लास सगळ्यांसारखाच पालथा घातलात ना? मग भाऊ कशाला म्हणायचं?"

तात्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"सगळ्यांसारखा नाही घातला," ते म्हणाले. "सगळ्यांचा तिसऱ्यानंतर घालायचो. त्याचा दुसऱ्यालाच घातला. भाऊ म्हणून. डोळे पिवळे दिसले होते त्याचे."

सुनंदाने गॅस बंद केला.

"तिथेच माती खाल्ली मी. तिसरा दिला असता तर रोज माझ्यासमोर बसला असता, मी मोजून दिली असती. तो गेला साकीनाक्याला. तिथे त्याचा ग्लास पालथा घालणारा कोण होता? तिथल्या वेटरांना तो लई आवडायचा म्हणे. आपुलकी."

हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की माझे सहाही भाग मोरीत गेले.

मी उठलो. बसवत नव्हतं. तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन आली, म्हणून पुन्हा बसलो. चहा संपवला, दुसरा झाला. ग्लास खाली ठेवला आणि तात्यांचा हात येईल म्हणून वाट पाहत राहिलो. ते खिडकीकडेच बघत होते.

"सुनंदा," ते म्हणाले, "ह्याला अजून एक दे."

तिसरा चहा गार होता, त्यात साय पडली होती. मी प्यायलो.

सातवा भाग लिहिला नाही. आधीचे सहाही काढून टाकले. कॅनडात दोन दिवस हळहळ झाली. नंतर बोरिवलीला दर रविवारी जात राहिलो, तात्या जाईपर्यंत, जवळजवळ दीड वर्ष. मला पित्ताचा त्रास आहे, बायको ओरडते. पण दर वेळी तीन चहा झाल्याशिवाय तात्यांनी माझा ग्लास पालथा घातला नाही, आणि मीही त्याआधी उठलो नाही.