काउंटरवर न मिळालेलं औषध

आई मंगळवारी गेली. मी तेव्हा मुलुंडच्या एका धर्मादाय रुग्णालयात ओपीडीत बसले होते. फोन पर्समध्ये होता. शेवटचा पेशंट गेल्यावर तो पाहिला.

तेराव्यानंतर कामावर गेले, पण मन लागेना. माणसाच्या तोंडाकडे न बघता मी गोळ्या लिहू लागले. डॉक्टर याचसाठी झाले का, हा प्रश्न आधीही होता. आई म्हणायची, "तू हात लाव गं, बरं करणारे दत्तगुरू आहेत." आता ते म्हणणारी राहिली नव्हती आणि दत्तगुरूंवर माझा राग होता.

अशाच एका सकाळी, दोन पेशंटांच्या मध्ये, मी कोऱ्या केसपेपरवर राजीनामा लिहिला. दुपारी ओपीडीच्या प्रमुख डॉक्टरांना, आमच्या मोठ्या मॅडमना द्यायचा म्हणून बाजूला ठेवला. तासाभराने एक मालवणी आजी काठी टेकत पुन्हा आत आल्या. मघाशी त्यांना गुडघ्यांसाठी औषध लिहून दिलं होतं. आता त्यांच्या हातात माझा राजीनामा होता. त्यांच्या कागदाऐवजी मी तोच दिला होता आणि तो घेऊन त्या औषधांच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

"तो काउंटरवरचो म्हणता, ह्यां औषध आमच्याकडे नाय, डॉक्टरणीकच परत दी. बाहेरसून घेवचा लागतला काय गो?"

आई गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. हसता हसता रडू आलं. आजींनी समोर बसून माझं मनगट धरलं.

"जेवलंस काय?"

"नाही."

"मगे आधी जेव. माका घाई नाय."

बाहेर रांग होती, तरी मी डबा उघडला. मग त्यांचे गुडघे हाताने तपासले. मघाशी नुसतं विचारलं होतं.

दुपारी मॅडमकडे रिकाम्या हाताने गेले आणि मला हे झेपत नाहीये, एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलाही नाही झेपत गं. बोलली का नाहीस?" तेव्हापासून मंगळवारची ओपीडी आम्ही दोघी मिळून बघतो, आणि एकत्र जेवतो.

दत्त कुठल्या रूपात येतील सांगता येत नाही, असं आई म्हणायची. त्या आजी कोण होत्या, यावर मी वाद घालणार नाही. चूक माझ्याच दमलेल्या हाताची होती. ती कुणीतरी घडवून आणली असं मनाला वाटतं, आणि मी ते वाटू देते.

थकवा आहे. रांग तेवढीच आहे. आई नाही. राजीनामा घरी दत्ताच्या तसबिरीमागे ठेवला आहे. सकाळी तिथे हात जोडते आणि कामावर जाते.