लग्नाची घोडी आणि मुंबईची ट्राम

वाचनालयात मी जुन्या मुंबईच्या ट्रामवर व्याख्यान दिलं, तिथून हे सगळं सुरू झालं. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला गावात कुणीतरी ऐकायला लागतंच. व्याख्यान संपल्यावर अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं की यंदा वर्धापनदिनाच्या शोभायात्रेत आपली ट्राम निघेल आणि ती तयार करायचं काम बाई करतील.

घरी येऊन मी मामांना सांगितलं. मामा नव्वदीला टेकलेले. तरुणपणी गिरगावात नोकरीला होते आणि रोज ट्रामने जायचे. ते उठूनच बसले. म्हणाले, "विजेची कर. वरती दांडा पाहिजे, तारेला लागणारा."

"मामा, आपल्या गल्लीत तो दांडा केबलच्या तारा ओढत जाईल. ऐन मॅचच्या दिवशी लोक मला घरात राहू देणार नाहीत."

मग घोड्यांची ट्राम ठरली. विजेच्या आधी मुंबईत ट्रामला घोडेच जुंपायचे आणि उन्हासाठी त्यांना टोप्या घालायचे, हे मी व्याख्यानात सांगितलंच होतं. आमच्या ट्रामला एकच घोडा परवडणार होता. वालीवच्या एका वर्कशॉपवाल्याने पत्र्याचा डबा वाकवून बाक बसवले आणि खाली चार चाकं लावली. रुळांचा प्रश्न मी फुटबॉलच्या मैदानावरच्या फक्कीने सोडवला. रस्त्यावर दोन पांढऱ्या रेघा मारून घेतल्या.

घोडा नालासोपाऱ्याहून आला. आला म्हणजे आली. पांढरीशुभ्र घोडी, कपाळावर झुंबर. मालक म्हणाला, "मॅडम, बग्गीला चालते, टेन्शन नका घेऊ. फक्त लग्नाची घोडी आहे. बँडशिवाय पाय उचलत नाही."

मला तो विनोद वाटला.

शोभायात्रा निघाली. पुढे बैलगाडी, मागे सायकलवाले, मध्ये आमची ट्राम. मामा खाकी कोट घालून, गळ्यात चामड्याची पिशवी अडकवून कंडक्टर झाले होते. आत माझ्या तीन मैत्रिणी नऊवारीत. घोडीला टोपी घातली. मामांनी घंटा वाजवली. घोडी ढिम्म. मालकाने चुचकारलं, मी गूळ दिला. गूळ खाऊन ती पुन्हा ढिम्म. बैलगाडी वळणाआड दिसेनाशी झाली, मागचे सायकलवाले घंट्या वाजवायला लागले.

शेवटी मालक पळत गेला आणि शोभायात्रेच्या पार पुढच्या टोकाला चाललेल्या बँडमधल्या दोघांना हाताला धरून घेऊन आला. त्यांनी वरातीची चाल धरली मात्र, घोडी नाचायलाच लागली. दोन पावलं पुढे, एक आडवं, मान वर, मान खाली. ट्राम पहिल्याच मिनिटाला रुळावरून घसरली. आत मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर पडत होत्या आणि मामा ओरडत होते, "उभं राहू नका! चालत्या गाडीतून उतरू नका!"

चौकात सरळ जायचं होतं. पण डावीकडे मंगल कार्यालय होतं, दाराला फुलांची कमान, आत सनई. घोडीने ती कमान पाहिली आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. ती वळली. मालक लगाम ओढतोय, मी मागून "अहो थांबवा" करतेय, बँडवाल्यांना तर काहीच कळलं नाही, ते जोरात वाजवत आत शिरले.

दारात मुलीची आई ओवाळणीचं ताट घेऊन तयारच होती. हल्ली नवीन काय काय पद्धती निघतात, या समजुतीने बिचारीने ट्रामकडे पाहिलं आणि समोर उभ्या असलेल्या मामांना ओवाळलं. कुंकू लावून झाल्यावर तिला ते सुरकुतलेलं कपाळ नीट दिसलं. तिचा हात थांबला.

"नवरदेव कुठायत?" तिने घाबरत विचारलं.

मामांनी पिशवी सावरली. "मागच्या ट्रामने येतायत," ते म्हणाले.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. पण आधी मुलीचे वडील हसले, मग सगळं वऱ्हाड हसलं. तेवढ्यात खरा नवरदेव फुलांनी सजवलेल्या गाडीतून आला. त्याने ट्राम पाहिली, आणि तो गाडीतून उतरेचना. "मला त्यातून आणा," म्हणाला. मग ट्राम मागे फाटकापर्यंत ढकलत नेली, नवरदेव बाकावर बसला आणि पुन्हा एकदा नाचत नाचत आत आला. या वेळी ओवाळणी योग्य कपाळावर झाली. आम्हाला जेवल्याशिवाय सोडायला कुणी तयार नव्हतं. मामांनी जिलेबी दोनदा मागून घेतली.

वाचनालयाच्या मैदानावर पोचलो तेव्हा खुर्च्या उचलत होते. पहिलं बक्षीस बैलगाडीला गेलं होतं. अध्यक्ष माझ्याशी दोन आठवडे बोलले नाहीत.

घरी येताना रिक्षात मी मामांना विचारलं, "खऱ्या ट्रामसारखं वाटलं का हो थोडं तरी?"

मामांनी चामड्याची पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवला. मला वाटलं, गिरगावच्या आठवणीने गहिवरले.

"नाही," ते म्हणाले. "तिकडे जेवायला घालत नसत."