सेलचाचांचे स्पीकर

आमच्या वरच्या मजल्यावरचे चाचा सदऱ्याच्या खिशात कायम एक पेन्सिल सेल बाळगायचे, लोक सुपारी बाळगतात तसा. कुठेही जुना स्पीकर दिसला की त्याच्या दोन तारा सेलला टेकवायच्या आणि कान लावून बसायचं. आतून 'खर्र' झालं की चेहरा खुलायचा. अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव सेलचाचा पडलं ते यामुळे.

माझी त्यांची ओळख जिन्यात झाली. वडिलांच्या वेळचे दोन स्पीकर मी भंगारवाल्याच्या हाती देत होते. चाचा मध्येच उकिडवे बसले, सेल टेकवला आणि म्हणाले, "बेटा, झोपलाय का मेलाय ते बघितल्याशिवाय मयत उचलतात का?" भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. चार दिवसांनी चाचांनी तळहाताएवढा, स्वस्तातला ब्लूटूथ ॲम्प्लिफायर मागवून त्यांना जोडला आणि माझ्या फोनवरची गाणी वडिलांच्या स्पीकरांतून वाजू लागली. त्या चिमुकल्या डबीकडे मी संशयानेच पाहत होते. चाचांचं मत ठाम होतं. छाती जुन्यांचीच, नव्याने फक्त श्वास द्यायचा.

पनवेलमधले कित्येक मुके स्पीकर त्यांनी असे बोलते केले. पण खुद्द त्यांच्या घरात कुवेतहून आणलेले कमरेएवढे दोन स्पीकर क्रोशाच्या रुमालाखाली गप्प उभे होते. त्यांचा डेक बंद पडून वर्षं लोटली होती. दुसऱ्यांकडे धावत जाणारा हा माणूस स्वतःच्या स्पीकरला हात का लावत नाही, या प्रश्नाने मला चैन पडेना. चोंबडेपणा माझ्या अंगातच आहे. शेवटी विचारलंच.

त्यांनी कपाटातून एक कॅसेट काढली. चाचा कुवेतला क्रेन चालवायचे तेव्हाची. चाचींना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या कॅसेटमध्ये बोलायच्या आणि तिकडे जाणाऱ्या कुणाबरोबर ती पाठवायच्या. आता चाची नव्हत्या आणि ही एकच कॅसेट उरली होती.

"लावली आणि फीत तुटली तर?" चाचा म्हणाले. "बंद हाय तोवर ती आत हाय."

त्यांना तयार करायला मला दोन महिने लागले. मुंबईतल्या एका जाणकाराने कॅसेट जपून वाजवली, फीत टिकली आणि आवाज माझ्या फोनात आला. चाचांनी त्यावर दोन वाक्यं ऐकली आणि फोन परत दिला. ही ती नाय, डबीतली माशी हाय, म्हणाले. मग मात्र त्यांनी स्वतःच स्पीकरवरचे रुमाल काढले.

ॲम्प्लिफायर त्यांनी घाईघाईतच जोडला. आवाज आला, पण पोकळ. खोलीभर होता आणि नेमका कुठेच नव्हता. चाचा खाली बसले. "गेली ती," एवढंच म्हणाले.  तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की जगाचे स्पीकर तपासणाऱ्या या माणसाने आज सेल बाहेरच काढला नव्हता. मीच तो त्यांच्याकडून मागून घेतला, तारा सोडवून टेकवल्या. एका स्पीकरचा पडदा बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. एका बाजूच्या तारा उलट्या लागल्या होत्या. तसं झालं की दोन स्पीकर एकमेकांचा आवाज खातात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

तारा बदलल्या आणि चाची बरोबर दोन स्पीकरांच्या मधोमध बोलू लागल्या. कोंबड्या, आंब्याचा मोहोर, शेजारणीशी झालेलं भांडण. मध्येच त्यांनी विचारलं, "जेवलाव का?" आणि थांबल्या. प्रत्येक प्रश्नानंतर त्या अशा थांबायच्या, उत्तराला जागा ठेवून.

"जेवलो," चाचा म्हणाले.

"कवा येनार?" पुन्हा तेवढीच जागा.

"येतो."

गेल्या वर्षी चाचा गेले. त्यांच्या मुलाने ते दोन स्पीकर आणि सेल माझ्याकडे दिला. अधूनमधून मी ती कॅसेट फोनवरून त्या स्पीकरांवर लावते. परवा चाचींनी जेवणाचं विचारलं आणि थांबल्या. ती रिकामी जागा मला ऐकवेना.

"हो, जेवलेत चाचा," मी म्हणाले.