काळ्या चिंचेची बरणी

लग्न होऊन लोहाऱ्याजवळच्या या घरात आले, तेव्हा स्वयंपाकघरात चिंचेच्या दोन बरण्या होत्या. एकीत यंदाची, लालसर. दुसरीत जुनी, काळीकुट्ट. मला शहाणपण फार. बघताक्षणी निकाल दिला: लाल खायची, काळी घासायची. मग घागर, समया, देव, नळाच्या तोटीवरचे पांढरे डाग, सगळं काळ्या चिंचेनं लख्ख केलं. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, पाय मुरगळला तेव्हा मीठ घालून तिचाच गरम लेप दिला. सासूबाई फक्त म्हणायच्या, "जरा बेतानं वापर गं." मला वाटायचं, काय ही चिकट बाई!

येळवशीला, म्हणजे थंडीतल्या अवसेला, इकडं सगळे शेतात जेवायला जातात. पानात मान भज्जीचा: तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, बेसन आणि चिंच, सगळं एकत्र शिजवलेलं. ती सासूबाई दार लोटून एकट्याच करायच्या. मी तीन वर्षं नुसते बाजरीचे उंडे वळले. आपल्यावर भरवसाच नाही, याचं मला खरंच वाईट वाटायचं.

चौथ्या वर्षी सासूबाईंचा खांदा आखडला. "औंदा भज्जी तू कर," त्या म्हणाल्या. माझा आनंद गगनात मावेना. लाल चिंच होती नव्हती तेवढी वाटीत भिजवली आणि भाज्या धुऊन आले, तर मामा अंगणात त्याच चिंचेनं घागर घासत बसलेले.

"अवो मामा, ती भज्जीची चिंच!"

"मला काय ठावं? घागर बघ की, कशी चमकायली!"

दारात ट्रॅक्टर उभा. माणसं चढायलाही लागलेली. मी इकडंतिकडं बघितलं आणि गुपचूप काळी चिंच कोळून भज्जीत ओतली.

शेतात पहिला घास सासूबाईंनी घेतला. त्यांनी दुसरा घेतला. मग वाटी पुढं केली, "वाढ अजून." चुलतसासरे म्हणाले, "वैनी, चव तुमच्याच हातची की!"

मला राहवेना. सासूबाईंच्या कानाशी लागले, "आत्या, मी काळी चिंच घातली."

"मग? म्या दरसाल तीच घालते."

"अहो, मग सांगायचं ना!"

"तू तिच्यानं नळ घासायलीस. सांगून पटलं असतं तुला?" त्यांनी बोटं चाटली. "म्हणून तर लाल चिंचेची वाटी म्याच ह्यांच्या हातात दिली."

मला हसू आवरेना आणि लाजही आवरेना. घरी येऊन काळ्या चिंचेची बरणी उघडली. तळाला दोन मुठी उरल्या होत्या. बाकीची तीन वर्षांत मी तोट्यांना फासली होती.

सासूबाईंनी बरणीला झाकण लावलं आणि ती माझ्या हातात दिली.

"हिच्यात आता नवी मुरू घाल. काळी व्हायला पाच-सहा सालं लागतील. भज्जी इथून पुढं तुझी. आन् नळ लिंबानं घास."