एकच शब्द आणि धरणावरचे कुरव

बाळांनो, आजोबा व्हिडिओ कॉलवर का येत नाहीत, असं तुम्ही दर रविवारी विचारता आणि मी ते झोपलेत म्हणून सांगते. हे किती दिवस सांगणार, म्हणून आज खरं लिहिते. ते जागे असतात. पक्षाघातानंतर त्यांचे सगळे शब्द गेले, एक सोडून. तो शब्द म्हणजे 'नको'. चहाला नको, गोळीला नको, तुमचा फोटो दाखवला तरी नको. तो शब्द तुमच्या कानांवर पडू नये म्हणून मी फोन दुसऱ्या खोलीत घेते.

स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, त्यांच्या आवडीच्या जागी न्या. म्हणून परवा सकाळी त्यांना गंगापूर धरणावर नेलं. हिवाळ्यात समुद्रावरचे कुरव तिथेही येतात, करड्या पंखांचे, पांढरे. ते उडत असताना त्यांचे फोटो काढायला आजोबा वर्षानुवर्षे जात. आता त्यांचा उजवा हात उचलला जात नाही, म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात. मला फक्त बटण कुठलं ते माहीत.

रिक्षावाल्याने चाकाची खुर्ची काठाशी लावून दिली. "आजी, फोटो तुम्ही काढणार? पक्षी थांबत नाय हां, आधीच सांगतो."

"मी कुठे त्यांना थांबा म्हणतेय?"

कुरव आला, मी बटण दाबलं. "नको." कॅमेऱ्यात नुसतं पाणी. पुन्हा दाबलं, तर पंखाचं टोक. "नको." असं कितीतरी वेळा झालं. शेवटी मी कॅमेरा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि समोर खाली बसले.

"अहो, मला एकदा हाक मारा. चुकीच्या नावाने मारा, चालेल."

त्यांचे ओठ हलले.

"नको."

मी पदरात तोंड खुपसून रडले. रिक्षावाला पाणी बघायला लांब गेला.

थोड्या वेळाने डाव्या हाताने त्यांनी कॅमेरा माझ्याकडे ढकलला. त्यांच्या समाधानासाठी मी तो उचलला. एक कुरव डावीकडून येत होता. "नको, नको, नको," ते हळू म्हणत होते, चहाला म्हणतात तसं नव्हे. माझं बोट तसंच थांबलं. मग ते एकदम गप्प झाले, आणि मी बटण दाबलं.

अख्खा पक्षी आला होता, दोन्ही पंख वर, चोच पाण्याकडे. मी त्यांना दाखवला. त्याला त्यांनी नको म्हटलं नाही.

यातून फार काही समजू नका. त्या संध्याकाळी गोळी त्यांनी थुंकून टाकली. बाकीचे शब्द परत येतील असं थेरपिस्ट बाई आता म्हणत नाहीत आणि मलाही तसं विचारायचा धीर होत नाही. या रविवारी मी त्यांना फोनसमोर बसवणार आहे. ते तुम्हाला नको म्हणतील. घाबरू नका, फोन ठेवू नका.

शब्द एकच उरला आहे. तो कुठे थांबवायचा, हे मात्र त्यांना अजून कळतं.