एंटर तुमी दाबा

जुन्नरच्या बाजारपेठेत, एका बोळात, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. तेही मला ‘पावणं’च म्हणतात. माउस ते वापरत नाहीत. काळा पडदा उघडतात, दोन बोटांनी कमांडची ओळ टाइप करतात, ती पुटपुटत वाचतात आणि हात मांडीवर ठेवून म्हणतात, “एंटर तुमी दाबा. माल तुमचा हाये.”

परवा सातबाऱ्याची प्रिंट काढायला मी झेरॉक्सवाल्याला नेमका लेकीच्या लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह दिला. घरी येऊन पाहतो तर फोटो गायब, आणि दुसरीकडे कुठे ठेवलेलेही नव्हते. बायको माझ्यावर जाम चिडली, जुन्नरला मात्र सोबत आली.

“व्हायरसनं लपवल्यात, गेलं न्हाईत,” म्हणत गृहस्थांनी ओळ टाइप केली. मी बोट एंटरवर नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. शेवटी बायकोनेच ते दाबलं.

फोटो परत आले. गृहस्थांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली, माउस पुढे सरकवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. गिऱ्हाइकाच्या घरातलं आपण बघायचं नाही, असा त्यांचा नियम.

“भाऊ, बघा की, लेक कशी दिसती,” बायको म्हणाली.

तेव्हा कुठे ते वळले. चष्मा पुसून बराच वेळ निरखत राहिले आणि म्हणाले, “लेक लई छान, ताई. पण पावणं तवाबी असंच घाबरल्यालं दिसत्यात.”